मोडीत न निघालेली होडी

मी होडी बोलतेय, सोलापूरची होडी. हसू आलं ना? येऊ द्या, मला सवय आहे. प्यायला पाणी नाही तिथे होडी कशाला, असं म्हणणारे दहा वर्षांत पुष्कळ भेटले. त्या सगळ्यांना मी पुरून उरले आहे.

माझा जन्म एकोणसत्तर सालचा. कॉलेजातल्या पाच-सहा पोरांनी बोट क्लब काढायचं ठरवलं, तेव्हा होडी बांधणारा सुतार शहरात औषधालाही नव्हता. मडिवाळप्पा सुतार बैलगाड्या बांधत. पोरांनी त्यांच्यापुढे पुस्तकातलं चित्र ठेवलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "चाकं न्हाईत म्हंजे सोपं हाय की." तीन महिन्यांत मी तयार झाले. सागवानी फळ्या, चार वल्ही, मागे सुकाणू. मी डावीकडे थोडी ओढते, हे कबूल. अगदी सरळ चालणारी माणसं तरी मी कुठे फार पाहिली आहेत?

क्लब पोरांचाच होता. शिकवणारं कुणी नाही, पुस्तक वाचायचं आणि पाण्यात उतरायचं. जो उशिरा येईल त्याने माझ्यातलं पाणी उपसायचं, एवढा एकच नियम. सकाळी सायकली हाणत सगळे हिप्परग्याच्या तलावावर यायचे. खंडेनवमीला माझ्या चारही वल्ह्यांना हळदकुंकू लागायचं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. तलाव मागे मागे सरत गेला आणि मला जिमखान्याच्या पत्र्याखाली आणून ठेवलं. जिमखान्याचे प्रमुख बिराजदार सर फार टापटिपीचे. लाकूड पाण्याने खराब होतं, म्हणून हिला ओल लागता कामा नये, असा त्यांनी हुकूम काढला. तसंही माणसांनाच हंडाभर पाणी मिळत नव्हतं, तेव्हा मी कुणाकडे मागणार? वर्षभरात माझ्या फळ्या आकसल्या. सांध्यांमधून उजेड दिसायला लागला.

पुढच्या पावसाळ्यात तलावात पाणी आलं. पोरांनी मला हौसेने पाण्यात सोडलं आणि पन्नास वल्हीसुद्धा मारून झाली नसतील, तोच पाणी त्यांच्या घोट्यांवर चढलं. सर काठावर उभे होते.

"कुजली आहे ती," ते म्हणाले. "मोडीत काढा. चार बाक होतील. आणि होडीच नाही म्हटल्यावर क्लब तरी कशाला?"

क्लबची सेक्रेटरी होती हेमावती, सात रस्त्याच्या एका कापडवाल्याची मुलगी. घरी भांडून ती सुकाणूवर बसायला येत असे. ती म्हणाली, "सर, सोमवारपर्यंत थांबा की. आम्ही तलाव पार करून दाखवतो. नाही जमलं तर बाक करा."

सर थांबायला तयार झाले. तो दिवस गुरुवार होता.

सर गेल्यावर मंद्रूपच्या कुंडलिकने माझ्या फटीत बोट घालून पाहिलं. "ही कुजली न्हाय," तो म्हणाला. "तानलीया. आमच्याकडं गाडीचं चाक उन्हानं ढिलं झालं की वड्यात बुडवून ठेवत्यात. लाकूड फुगतंय, आपसूक घट्ट बसतंय. हिला बुडवू या."

पहिलं वल्हं मारणारा शिवयोगी दचकला. "आणि नाही बसली घट्ट तर?"

"मग हायच की बाक."

हेमावती म्हणाली, "बुडवा."

त्यांनी माझ्यात दगड भरले आणि छातीभर पाण्यात मला खाली सोडलं. मी घाबरले. होडीने काहीही करावं पण बुडू नये, एवढंच मला ठाऊक होतं. पहिला दिवस मी चिखलात पडून पोरांना शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी एक फळी शेजारणीला खेटली. मग दुसरी खेटली. तिसऱ्या दिवसापर्यंत माझं अंग आवळून आलं होतं आणि मला कधी एकदा वर जाते असं झालं होतं.

सोमवारी सर आले, सोबत करवत घेऊन मडिवाळप्पा. ज्यांनी जन्म दिला त्यांनाच मोडायला बोलावलं होतं.

"होडी कुठे आहे?"

"पाण्यात, सर."

"पाण्यात कुठे?"

"तळाशी," कुंडलिक म्हणाला. "आमीच बुडवलीया."

सर लालबुंद झाले. मडिवाळप्पांनी मात्र करवत खाली ठेवली आणि तिच्याशेजारी धोतर सावरून बसले. चाकांचं काम जन्मभर केलेला माणूस, मला का बुडवलं ते त्यांना सांगायला नको होतं.

पोरांनी दगड काढले, पाणी उपसलं. मी वर आले. मग हेमावती म्हणाली, "सर, तुम्हीही बसा की. गळते का नाही, पायांनाच कळेल."

सरांना पोहता येत नव्हतं, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. पण सुतारासमोर नाही कसं म्हणणार? बूट हातात धरून ते बसले. तलावाच्या मधोमध एका सांध्यातून चमचाभर पाणी आलं. सरांनी दोन्ही पाय वर उचलले. मी दात आवळले म्हणा, श्वास धरला म्हणा, पण त्यानंतर एक थेंब आत येऊ दिला नाही. पलीकडचा काठ गाठून आम्ही परत आलो. सरांनी कोरड्या पायांत बूट चढवले आणि सायकलवर बसून निघून गेले. बाकांचा विषय पुन्हा निघाला नाही.

आज मी दहा वर्षांची आहे. तळाला तीन ठिगळं आहेत, एक वल्हं नवं आहे. माझी ती पोरं पांगली, नवी आली. आणि आता कॉलेजला माझं कौतुक सुचलंय. क्लबची पहिली होडी म्हणून मला रंग देऊन, हार घालून फाटकाजवळच्या ओट्यावर कायमची मांडायची म्हणे.

नव्या पोरांनो, ऐका. सरांनी मला करवतीने मारायचं ठरवलं होतं, तुम्ही हाराने मारताय. कोरड्यावर वर्ष काढलं की काय होतं ते माझ्या फळ्यांना विचारा. मला मान नको. माझ्यात चौघं बसताहेत, मी पाण्यावर तरंगते आहे, तोवर मला हात लावून दाखवा.

ओटा बांधून झालाय ना? त्यावर झेंडू लावा. मी येणार नाही.