जागेवरून विचारा

"साहेब, कठड्यावर हात टेकू नका," प्रेक्षकांच्या सज्जातला रखवालदार माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आणि खाली वाकूही नका."

मी हात मागे घेतले. मान मात्र आपोआप पुढं जात होती. खाली सभागृहात प्रश्नोत्तरांचा तास सुरू झाला होता, मंत्री कागद चाळत होते, सदस्य खाकरत होते, आणि सगळ्यात मागच्या रांगेतली, खांबाजवळची खुर्ची रिकामी होती. ती खुर्ची माझ्या बायकोची.

सकाळी आम्ही बरोबरच निघालो. विधानभवनाच्या दारात तिनं माझा पास काढून दिला, "वर जाऊन गप्प बसा, टाळ्या वाजवू नका, घोरू नका," असं बजावलं आणि सदस्यांच्या दारानं आत गेली. आत जाताना मी पाहिली होती. मग गेली कुठं?

आमची ही मुळात नर्स. गावातल्या सरकारी दवाखान्यात, चौथ्या मजल्यावर, बाळंतिणींच्या वॉर्डात तिची सगळी उमर गेली. तिला नावानं कोणी हाक मारली नाही. सगळ्यांची ती सिस्टर. आमच्या भागातले आमदार वारले आणि पोटनिवडणूक लागली, तेव्हा समोरचा उमेदवार इतका तगडा होता की सरकारी पक्षाकडून उभं राहायला कोणी तयार होईना. आरोग्यमंत्री म्हणाले, "सिस्टरांना उभं करा. निदान अनामत वाचेल." म्हणजे पडायलाच उभी केली म्हणा ना. पण घरोघरी कोणी ना कोणी हिच्या हातावर जन्मलेलं. निम्म्या मतदारांना हिनं जन्मल्याबरोबर उलटं धरून चापट मारलेली. त्या सगळ्यांनी चापटीची परतफेड केली आणि ही निवडून आली.

माझा धंदा लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा. प्रचारात मंत्रिसाहेब स्वतः उन्हातान्हात हिच्याबरोबर फिरले. घसा बसला तर माझ्याकडून माईक मागून घ्यायचे आणि "ताईंना निवडून द्या" म्हणून ओरडायचे. माणूस मनमोकळा. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचे. अजूनही आवडतात.

पण दवाखान्याची लिफ्ट. ती आली वाजतगाजत. साहेबांनी फीत कापली, लिफ्टमध्ये उभं राहून फोटो काढून घेतला, वर गेले, खाली आले. नंतर ती जी बंद पडली ती पडलीच. तिच्या देखभालीसाठी दरवर्षी सरकारी खर्च पडत होता आणि दारासमोर जुन्या खाटा रचून ठेवल्या होत्या. आमदार झाल्यावर हिनं साहेबांना परत परत सांगितलं. प्रत्येक वेळी ते म्हणायचे, "बघतो, ताई." शेवटी हिनं सभागृहात रीतसर प्रश्न टाकला.

पक्षात कोणी फारसं मनावर घेतलं नाही. प्रश्नांचा तास एकच, आणि हिचा नंबर इतका खाली की तिथवर गाडी पोचतच नाही. पण काल संध्याकाळी पक्षाचे प्रतोद घरी आले. पक्षाच्या सदस्यांना कळपात ठेवणारा माणूस तो प्रतोद. यांचं काम म्हणजे कोणी कधी हात वर करायचा आणि कधी करायचा नाही, ते सांगणं.

"ताई, जरा घोळ झालाय," ते म्हणाले. "वरच्या प्रश्नांची बरीच मंडळी दौऱ्यावर गेलीत. उद्या तुमचा प्रश्न लागायचा कदाचित."

"अगंबाई! खरंच?" हिचा चेहरा असा उजळला की प्रतोदांना काय बोलावं कळेना.

"नाही, म्हणजे... लागायला नको. आपल्याच सरकारला आपणच विचारायचं, बरं दिसत नाही. तुम्ही काही करायचं नाही. नाव पुकारतील तेव्हा फक्त जागेवर नसायचं. प्रश्न आपोआप गळतो. तेवढ्यात कँटीनला जाऊन चहा घ्या की."

"चहा मी सकाळीच घेते," ही म्हणाली.

प्रतोद हसले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या सभांना स्पीकर तुमचेच ना?" हसत हसतच म्हणाले, पण मला जे समजायचं ते समजलं.

ते गेल्यावर ही कपड्यांना इस्त्री करत बसली. मी विचारलं, "मग काय करणार उद्या?"

"आधी ही बाही नीट करणार."

यापुढं एक अक्षर नाही. आणि आता ती रिकामी खुर्ची.

खाली रस्त्यांवरचा प्रश्न चालला होता. बांधकाममंत्री इतक्या सावकाश उत्तर देत होते की वाटलं, बरं झालं, यातच तास जाईल. मग वाटलं, छे, लवकर आटपा हो! माझं मलाच कळेना मला काय हवंय. रस्ते संपले. पुढच्या प्रश्नाचं नाव अध्यक्षांनी पुकारलं. कोणी उठेना.

"सदस्य अनुपस्थित. पुढचा प्रश्न."

पुढचाही अनुपस्थित. त्याच्या पुढचाही. रखवालदार वाकून पुटपुटला, "आज गाडी थांबतच नाही, साहेब. तुमचं कोणी आहे का खाली?"

"ती खांबाजवळची खुर्ची," मी म्हणालो.

त्यानं बघितलं आणि मान हलवली. "खुर्ची रिकामी म्हणजे प्रश्न गेला. मी इथं उभ्या उभ्या पुष्कळ प्रश्न असे गेलेले बघितलेत."

पाण्याच्या पाइपांचा एक प्रश्न आला, तोही झटक्यात उरकला. पुढच्या बाकावर आरोग्यमंत्री घड्याळाकडं बघत होते. प्रतोद मधल्या वाटेत कोणाशी तरी बोलत उभे होते, अगदी निवांत. आणि अध्यक्षांनी दवाखान्याचं नाव घेतलं, मग हिचं.

खांबाजवळ कोणी उठलं नाही.

"सदस्या अनुपस्थित. पुढ..."

"आहे! मी आहे!"

आवाज दाराकडून आला. माईक नाही, काही नाही, पण वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हाक मारायची सवय असलेला तो आवाज सभागृहाच्या छताला जाऊन लागला. सगळ्या माना वळल्या. ही दारात उभी, धापा टाकत, केसांची एक बट सुटलेली, हातात पर्स नाही की कागद नाही. सभागृह हसलं. मी कठडा घट्ट धरला. रखवालदारही माझ्या शेजारी वाकून बघत होता.

अध्यक्षही हसले. "सन्माननीय सदस्या, प्रश्न आपल्या जागेवरून विचारावा लागतो. जागेवर पोचा."

"पोचते, साहेब!"

आणि ही निघाली. दार पुढं, हिची जागा पार मागं, मधली वाट चढाची. आणि त्या वाटेत प्रतोद. ते हिच्याकडं पाठ करून उभे होते, ऐकूच आलं नाही असे. ही थबकली नाही. वर्षानुवर्षं ज्या सुरात ती दवाखान्याच्या बोळातून लोकांना बाजूला करायची, त्याच सुरात ओरडली, "सरका, सरका, पेशंट आहे!"

प्रतोद टुणकन उडी मारून बाजूला झाले! त्या सुरापुढं कोणीही होतो. सभागृहात असा हशा पिकला की अध्यक्षांना हातोडा आपटावा लागला.

ही जागेवर पोचली. खांबाला हात टेकून एक श्वास घेतला. तिच्यासमोरच्या माईकचा लाल दिवा लागला. आयुष्यभर मी माईक लावत आलो, पण लाल दिव्यानं माझ्या अंगावर काटा आला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

आरोग्यमंत्री उठले. हिच्याकडं न बघता त्यांनी छापील उत्तर वाचलं, "लिफ्ट बंद असल्याचे खरे नाही. लिफ्ट कार्यरत आहे. दिरंगाईचा प्रश्न उद्भवत नाही." आणि बसले.

"अध्यक्ष महोदय, उपप्रश्न," ही म्हणाली. आवाज जरा कापत होता. "कार्यरत आहे म्हणजे काय? कोणी तिच्यातून वर जातं का?"

मंत्री उठले. "अध्यक्ष महोदय, मी स्वतः त्या लिफ्टमधून वर गेलो आहे."

"गेलात ना, साहेब. तुम्ही गेलात त्या दिवशी चालूच होती. तुम्ही उतरलात आणि ती रुसली!"

आता विरोधी बाकांना ऊत आला. "राजीनामा द्या, राजीनामा!" म्हणत बाकं बडवायला लागले. हिनं त्यांच्याकडं वळून हात वर केला. "तुम्ही जरा बसता का? तुमच्या वेळी लिफ्टच नव्हती, नुसता खड्डा होता. त्यात आम्ही कचरा टाकायचो."

सरकारी बाकांवरची मंडळी हसली, विरोधकही हसले, आणि बसले. रखवालदाराच्या तोंडून "वा!" निघून गेलं. त्यानं घाईनं इकडंतिकडं बघितलं आणि टोपी सारखी केली.

"अध्यक्ष महोदय, बाळंतिणींचा वॉर्ड चौथ्या मजल्यावर आहे," ही म्हणाली. आता आवाज कापत नव्हता. "बाई कळा सोसत जिना चढते. जिन्याच्या वळणावर आम्ही एक बाकडं टाकलंय, दम घ्यायला. त्या बाकड्यावर एक मुलगी जन्मली. आता चांगली चुरुचुरु बोलते." कोणीतरी बाक वाजवलं. ही थांबली. "आणि एक बाळ जन्मलं, ते रडलं नाही. मी पुष्कळ चोळलं त्याला. तिथंच, जिन्यात बसून. त्याची आई मला विचारत होती, सिस्टर, आवाज का येत नाही. म्हणून विचारते, साहेब. दुसरं काही नाही. लिफ्ट चालू आहे का?"

एवढ्या मोठ्या दालनात पंख्यांची घरघर ऐकू यायला लागली.

मंत्री उठले. बाजूच्या कठड्याआड बसलेल्या अधिकाऱ्यांकडून एक चिठ्ठी हातोहात त्यांच्यापर्यंत आली. त्यांनी ती घेतली. उघडली नाही. बराच वेळ ते हिच्याकडं बघत राहिले. मी वरून त्यांचं डोकं बघत होतो, त्या डोक्यात काय चाललंय ते कसं कळणार?

"अध्यक्ष महोदय," ते म्हणाले, "लिफ्ट बंद आहे."

काय गलका उठला! विरोधक उभे, सरकारी बाकं उभी, प्रतोद कपाळाला हात लावून. अध्यक्ष हातोडा आपटत ओरडले, "मंत्रिमहोदय, सुरू कधी करणार तेवढं सांगा, तास संपतोय!"

"या महिन्याच्या आत. सभागृहाला शब्द देतो."

घंटा झाली. मी टाळ्या वाजवल्या. नियम मला ठाऊक होता, तरी वाजवल्या. रखवालदारानं माझं कोपर धरून मला बाहेर काढलं, आणि दाराबाहेर आल्यावर माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. "बाईंना सांगा," तो म्हणाला, पण काय सांगा ते त्याला सुचलं नाही.

बोळात ही भेटली. तोंडाचा पट्टा सुरू. "अहो, ऐकलंत का? साहेबांच्या पीएनं मला त्यांच्या दालनात बसवलं. म्हणे साहेबांना बोलायचंय, येतातच आहेत. चहा आणला, बिस्किटं आणली. भिंतीवर तो स्पीकर असतो ना, त्यातून सगळं ऐकू येत होतं. अनुपस्थित, अनुपस्थित! मी म्हटलं, साहेब तर तिकडं बसलेत, मग मी इथं कोणाची वाट बघतेय? पर्स तिथंच टाकून पळाले. सरका म्हटल्यावर कसे उडाले हो ते प्रतोद!" आणि ती अशी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

तेवढ्यात मंत्रिसाहेब समोरून आले. ते थांबले.

"बाई, एकदा मला आधी सांगायचंत," ते हळूच म्हणाले.

"कितीदा सांगितलं, साहेब."

त्यांनी मान हलवली. "हो. सांगितलंत." आणि गेले. इतके दिवस ते हिला ताई म्हणायचे. आज बाई म्हणाले, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं, पण दोघंही त्याबद्दल बोललो नाही.

लिफ्ट सुरू झाली. महिना उलटून गेल्यावर झाली, पण झाली, आणि अजून चालते. पुढच्या निवडणुकीत तिकीट दुसऱ्याला मिळालं. सभांचे स्पीकरही दुसऱ्याचेच लागले. ही आता घरोघरी जाऊन बाळंतिणींची देखभाल करते, आणि रस्त्यात लोक तिला पूर्वीसारखीच सिस्टर म्हणून हाक मारतात.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं. आम्ही कँटीनमध्ये गेलो. पक्षातल्या बायका खिडकीजवळच्या टेबलाशी बसत, ही रोज त्यांच्यातच बसायची. आम्ही जवळ गेलो तसं बोलणं थांबलं. एकीनं शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवली. दुसरीनं आपली.

ही क्षणभर उभी राहिली. "जेवा, जेवा," असं त्यांना हसून म्हणाली आणि पलीकडच्या रिकाम्या टेबलाशी जाऊन बसली. ताट मागवलं. ड्युटी संपवून आलेली नर्स जेवते तशी मान खाली घालून, भराभर, शेवटच्या घासापर्यंत जेवली. मग पाण्याचा ग्लास उचलला आणि तिचा हात थरथरायला लागला. इतका की पाणी काठाशी हिंदकळलं. मी पटकन हात पुढं केला.

"राहू दे," ती म्हणाली.

ग्लास तिनं दोन्ही हातांनी धरला, पाठ ताठ केली आणि सगळं पाणी सावकाश पिऊन टाकलं.