पुसलेले फोटो

समुद्रकाठच्या जरझिस गावातल्या त्या गल्लीत घरांची दारं दिवसभर उघडी असत, आणि वजदी जाईपर्यंत मबरूकाचंही दार तसंच असे. तिचा हा एकुलता एक मुलगा होडीतून समुद्रापलीकडे जायला निघाला, होडी पोहोचल्याचं कुणीच कळवलं नाही, आणि शेजारणी सांत्वनाला येऊ लागल्या तेव्हा तिने आतून कडी घातली ती घातलीच. तिच्या नवऱ्याने, तिजानीने, मुलगा गेल्यावर त्या पिवळ्या दाराला निळा रंग दिला होता; त्याच्या हातांना काहीतरी काम हवं होतं.

आता येत्या शुक्रवारी मशिदीत, देहाविनाच, मुलासाठी जनाज्याची नमाज पढायची असं तो म्हणत होता.

"किती दिवस त्याला अधांतरी ठेवायचं, मबरूका?"

होकार द्यायच्या आधी तिला एकदा त्याचा चेहरा पाहायचा होता, आणि घरात त्याचा एकही फोटो नव्हता.

निघणारी मुलं कागदपत्रं जाळतात, फोन पुसतात. पलीकडे पकडले गेलो तर आपण कुठले ते कळू नये म्हणून. वजदीनेही याच खोलीत बसून फोन रिकामा केला होता. तो लग्नांचे फोटो काढायचा, म्हणून कपाटावर त्याने एक काळा डबा ठेवला होता. फोन घरच्या वायफायमध्ये आला, की डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुके आणि त्यातले सगळे फोटो आपोआप त्या डब्यात उतरत. फोन पुसला तसा डबाही पुसला गेला.

मबरूकाचा भाऊ मोन्सेफ कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. तो डब्याशी बराच वेळ खटपट करत बसला.

"भाचा हुशार, पण लावताना चुकला बघ, ताई. याला फोनचा आरसा करून ठेवलाय. तिकडे पुसलं, की इकडेही पुसलं."

"म्हणजे गेलं सगळं?"

"गेलं असतं. पण हा तुझ्यासारखाच आहे, काही टाकवत नाही याला. फेकलेलंही मागे दडवून ठेवतो."

त्याने डबा टीव्हीला जोडला, आणि पडद्यावर वजदी आला. सायकलवर, ऑलिव्हच्या झाडाखाली, कुसकुसचं ताट मांडीवर घेऊन हसणारा. मबरूकाने पडद्याला हात लावला, आणि कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी सायकलवरचा फोटो नव्हता. मग ऑलिव्हखालचा गेला. ज्यात त्याचा चेहरा स्वच्छ दिसे, ते फोटो आधी जात होते, कुणीतरी निवडून काढावेत तसे. तिने मोन्सेफला बोलावलं.

"तू हात लावलास?"

"मी कशाला लावू? आणि ताई, फोन घराजवळ असल्याशिवाय इथलं..." तो हसायला गेला, पण हसू ओठांवर ठरलं नाही. "डबाच बिघडला असेल. बंद करून घेऊन जातो."

"नको." ती कपाटाच्या आड उभी राहिली. "त्याला घरातून काढू नकोस."

गुरुवारी दुपारी तिजानी मशिदीत बोलणी करायला गेला आणि ती पुन्हा कडी लावून टीव्हीसमोर बसली. पडद्यावर काहीच उरलं नव्हतं.

"वजदी," ती रिकाम्या खोलीत हलकेच म्हणाली, "एक तरी राहू दे रे. तुझ्या बाबांनी उद्याचं ठरवलंय."

कपाटावरचा हिरवा दिवा लुकलुकला आणि पडद्यावर एक फोटो उमटला. तो तिने कधीच पाहिला नव्हता. त्यात माणूस नव्हता, समुद्र नव्हता. बाहेर गल्लीत उभं राहून काढलेलं त्यांचं दार होतं. बंद, आणि निळं.

ती उठली. दारापर्यंत गेली, कडीवर हात ठेवला, आणि हात तिथेच राहिला. पलीकडे काही वाजलं नाही, कुणी हाकही मारली नाही.

मागे कपाटावर हिरवा दिवा पुन्हा लुकलुकू लागला.