अमावास्येचं पार्सल

श्रीपत पोस्टमन वारला तेव्हा आमच्या होळीतलं, म्हणजे आमच्या वाडीतलं, झाडून सगळं माणूस त्याच्या दारात जमलं होतं. मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायका बोलल्याच, की सरला मास्तरीण झाली पण माणुसकी काही शिकली नाही. बोलू देत. श्रीपत वाईट नव्हता, हे मीही कबूल करते. कुणाच्या मुलाची मनीऑर्डर आली की त्या आईच्या आधी ह्याचाच चेहरा खुलायचा. पण मला त्याच्यासाठी रडू आलं नसतं, आणि खोटं रडायला मला जमत नाही.

त्याचं कारण घरात फक्त दादाला आणि मला माहीत आहे. आईला वाचता येत नाही, म्हणून लिहिण्याचं धाडस करते आहे.

माझी वहिनी प्रेमलता आगाशीची. काशिनाथदादा आमचा घुमा, दिवसभर पानमळ्यात वेलींशी जेवढं बोलेल तेवढंच. वहिनी आली आणि घरात हसणं ऐकू यायला लागलं. विड्याच्या पानांच्या जुड्या बांधताना ती आईची नक्कल करायची, ती सुद्धा आईच्याच समोर. आणि माझी करडी आई, जिच्यापुढे मी कधी मान वर केली नाही, ती पदर तोंडाला लावून हसायची. मुलगी म्हणून मी होतेच, पण लाड झाले ते सुनेचे. मला त्याचा रागही यायचा, खोटं कशाला बोलू?

पन्नास साली पावसाळा सरता सरता वहिनीला खोकला लागला आणि एके दिवशी रक्त पडलं. वसईहून डॉक्टर आले, क्षय म्हणाले. पडवीतली खोली तिला वेगळी काढून दिली, तिची ताटवाटी वेगळी झाली. लोकांनी आमच्या वाटेनं येणं सोडलं. फक्त शेजारची डेल्फिनबाय तेवढी त्यांच्या देवळातलं, चर्चमधलं, आशीर्वादाचं पाणी घेऊन यायची, आणि आई ते निमूटपणे वहिनीच्या कपाळाला लावायची. आईचे नवस बोलून झाले, अंगारे लावून झाले. एवढी हसरी पोर एका पावसाळ्यात अशी झिजते, ती कुणाची तरी नजर लागल्याशिवाय का, असं तिचं म्हणणं होतं. डॉक्टर काहीही सांगोत, आईच्या मनातून ते गेलं नाही.

श्रीपतही बदलला. एरवी तो आमच्या ओट्यावर टेकायचा, चहा प्यायचा, आईनं उन्हात वाळवलेली सुकेळी खिशात घालून जायचा. आता तो कुंपणाबाहेरूनच पत्र ओट्यावर भिरकावून पुढं चालू लागला. वहिनी खिडकीतून बघायची आणि म्हणायची, त्याचा नेम चांगला बसायला लागलाय हं. मला मात्र त्याच्या कानफटात मारावीशी वाटे.

डॉक्टरांनी एक नवं इंजेक्शन सांगितलं, परदेशातून येणारं. ते लवकर सुरू झालं तर पोर वाचेल, उशीर झाला तर माझ्या हातात काही नाही, असं त्यांनी दादाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. मुंबईच्या बाजारात ते मिळेना. मिळे ते खरं की खोटं कळेना. वहिनीचा भाऊ गुरुदत्त कलकत्त्याला औषधांच्या एका पेढीत होता. त्यानं कुणाकुणाच्या विनवण्या करून औषध मिळवलं आणि कळवलं, की रजिस्टर पार्सलनं धाडतो आहे, सही घेतल्याशिवाय पोस्टमन देणारच नाही, तेव्हा काळजी नको.

दादानं ते आईला समजावून सांगितलं. बाटल्यांची पेटी येईल, श्रीपत हाक मारील, कागदावर अंगठा घेईल आणि मगच पेटी देईल. श्रीपतलाही तो वाटेत गाठून बोलला, की औषध आहे, हातातच दे. श्रीपतनं मान डोलावली. त्या दिवसापासून आई घर सोडून कुठं जाईना. अंगठा नीट उमटावा म्हणून तिनं म्हणे चिंचेनं घासून हात स्वच्छ केला होता. वहिनीनं त्यावरूनही तिला चिडवलं.

मार्गशीर्षातली अमावास्या होती. मी माणिकपूरच्या शाळेत होते, दादा मळ्यात रहाटावर. वहिनीचा नुकता डोळा लागला होता, आणि आई मागच्या अंगणात तिचे कपडे उकळत्या पाण्यात टाकत होती. हाक आली नाही. आई पुढं आली तेव्हा उंबऱ्याच्या मधोमध काहीतरी ठेवलेलं होतं.

गुरुदत्तनं बाटल्या फुटू नयेत म्हणून त्या कापसात आणि पेंढ्यात गुंडाळून वरून पांढऱ्या कापडात शिवल्या होत्या. शिवणीवर लाखेच्या लाल मोहरा होत्या, कापडावर काळ्या शाईत पत्ता होता. पेटी अशी ती नव्हतीच. आईनं पाहिलं ते तान्ह्या मुलासारखं गुंडाळलेलं एक बाहुलं, अंगावर लाल टिळे, काळी अक्षरं, अमावास्येच्या दिवशी, दुखणाईत माणूस असलेल्या घराच्या उंबऱ्यावर. आमच्याकडे असं काही दारात दिसलं तर लहान मुलालाही कळतं, की कुणीतरी आपली पीडा आणून टाकली आहे. ते हातानं उचलायचं नाही, ओलांडायचं नाही, आणि त्याबद्दल कुणाकडे चकार शब्द काढायचा नाही, नाहीतर ती पीडा घरात शिरते. जो कुणी ते उचलून नेईल त्याच्यावर ती उलटू शकते, हेही सगळ्यांना माहीत असतं. म्हणून माणसं दुसऱ्या कुणाला तरी पुढं करतात.

आईनं कुणाला पुढं केलं नाही. दोन काटक्यांनी तिनं ते सुपात ओढलं, सूप डोक्यावर घेतलं आणि भर उन्हात अनवाणी खाडीची वाट धरली. डेल्फिनबायनं हाक मारली तर तिनं ओ दिली नाही. ओहोटीच्या पाण्यात सुपासकट सगळं सोडून मागं वळून न बघता ती घरी आली, अंगावरून पाणी घेतलं आणि वहिनीवरून मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मी शाळेतून आले तर घरभर ठसका. विचारलं तर म्हणाली, काही नाही गं, आज अमावास्या ना.

मग आम्ही वाट बघत बसलो. वहिनी रोज विचारायची, आलं का गं माझं कलकत्त्याचं माहेर? आई उलट श्रीपतवरच डाफरायची, मेला हाकसुद्धा मारत नाही म्हणून. शेवटी दादा आणि मी टपाल कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं पावती पुढं सरकवली, तारीख अमावास्येची. पार्सल पोचलं, हा घरच्या बाईचा अंगठा. निळ्या शाईत अंगठा उमटलेला होता, चांगला रुंद, बाप्या माणसाचा.

श्रीपतला आत बोलावलं. त्यानं फार वेळ लावला नाही. मळ्यात असलेल्या लोकांचे अंगठे तो वर्षानुवर्षं स्वतःच लावत आला होता, लोकही त्याला तसंच सांगायचे. आमच्या बाबतीत मात्र तो खाली बघत म्हणाला, "घरात तो आजार. कागद आत जायचा, बाहेर यायचा. माझी पण पोरं लहान हायत, ताई. म्हणून उंबऱ्यावर ठेवलं आन् आलो." पार्सल कसं दिसत होतं ते दादानं विचारलं. त्यानं सांगितलं.

चोरीला गेलं असेल असं आम्ही वाटेत एकमेकांना सांगत होतो. घरी येऊन दादानं आईला विचारलं, अमावास्येला दारात काही दिसलं होतं का. आई दचकली. ते बोलू नये, म्हणाली. दादानं पुन्हा विचारलं. तेव्हा तिनं हळू आवाजात, आमच्या दोघांच्या अंगावरून हात ओवाळत, मी वर लिहिलं ते सगळं सांगितलं. "जड होतं रे," ती म्हणाली. "ज्यानं कुणी केलं त्यानं लय मन लावून केलं होतं. पण आता काय भ्यायचं कारण नाय, मी पार खाडीत टाकून आले."

दादानं बोलायला तोंड उघडलं, एवढ्यात पडवीतून वहिनीनं हाक मारली. मधली भिंत कुडाची, तिला सगळं ऐकू गेलं होतं. आम्ही आत गेलो तशी ती दार ओढून घ्या म्हणाली.

"आईंना काही सांगायचं नाही," ती अगदी हळू म्हणाली. "गुरुदादा दुसरं धाडील. तोवर मी खोकत बसते, मला आता सवय आहे."

दादाही तसाच हळू म्हणाला, तक्रार करणार, त्या श्रीपतची नोकरी घालवणार.

"तक्रार केलीत तर चौकशी होईल, आणि आईंना कळेल." बोलता बोलता तिला धाप लागली, पण ती थांबली नाही. "आपल्या दाराला हात लावायला तो श्रीपत भ्याला. आणि ज्याला हात लावायला सारा गाव भितो, ते माझ्यासाठी आई डोक्यावर घेऊन गेल्या. त्यांना हे कळलं तर त्या जगायच्या नाहीत हो."

दादानं तिच्या पायाशी बसून शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी तो श्रीपतच्या घरी गेला. ज्याची मान धरायची, त्याच्यापुढंच हात जोडायची वेळ आली, की बाबा, तू ते पार्सल आमच्या दारात ठेवलंस हे जन्मात कुणाला सांगू नकोस. श्रीपत म्हणे रडला आणि लगेच कबूल झाला. का नाही होणार? आईला आम्ही सांगितलं की औषध वाटेत रेल्वेत गहाळ झालं. तिनं कलकत्त्याला यथेच्छ शिव्या घातल्या.

दादा ओहोटी बघून खाडीवर जायचा. एकदा सुपाचा तुकडा चिखलात मिळाला, बाकी काही नाही. गुरुदत्तनं पुन्हा धावाधाव केली, पण दुसरं औषध काही वेळेवर हाती आलं नाही. फाल्गुनात वहिनी अंथरुणाशी अंथरूण झाली. डॉक्टरांनी येणं थांबवलं नाही, पण बॅग उघडणं थांबवलं.

एका दुपारी मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. आई आत आली आणि खाली फरशीवर बसली.

"प्रेमा, मी कमी पडले गं," ती म्हणाली. "ते दारातलं मी लगेच नेऊन टाकलं होतं. बघितल्याबरोबर. पण आधीच काय ते भिनलं असेल. मी जरा आधी पुढल्या दारी आले असते तर."

मला वाटलं, आता ओरडून सांगावं आणि मोकळं व्हावं. वहिनीनं माझं मनगट धरलं. त्या हातात ताकद राहिली नव्हती, तरी मला ते सोडवता आलं नाही.

"तुम्ही टाकलंत म्हणून तर इतके दिवस मिळाले मला, आई," ती म्हणाली. "नाहीतर मी तेव्हाच गेले असते."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं पदरानं डोळे पुसले, वहिनीच्या कपाळावरचे केस मागं सारले आणि विचारलं, "खरं सांगतेस?"

"तुमच्या गळ्याशपथ," वहिनी म्हणाली.

त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी आई पोटभर जेवली. मी वाढत होते, तिनं दुसऱ्यांदा भात मागून घेतला. दादा समोर पानावर बसला होता. तो उठून मळ्यात गेला.