आपल्या माणसावरची पैज

पेन्सिल बोटाएवढीही नव्हती. लाल, पैजेच्या दुकानात काउंटरवर फुकट ठेवतात तसली, आणि खिडकीतल्या बरणीत त्या सगळ्या जुन्या हिरव्या पेन्सिलींमध्ये ती अशी उठून दिसत होती, की वॉटी गेडीसला कळेना, गुरुवारी दुकानातून आल्यावर आपण ती तिथे टाकलीच कशी... सवय, दुसरं काय. जन्मभर हेच चाललेलं — पैज लावायची, पेन्सिल चुकून खिशात राहायची, आणि धुवायच्या कपड्यांत ती नेट्टाला सापडायची. नेट्टा कधी बोलली नाही. पेन्सिल बरणीत टाकायची आणि तिनेच लोणी, अंडी, बटाटे असं लिहून बाजारात जायची. बोलली असती तर बरं झालं असतं. बोलणाऱ्या बायकोशी निदान भांडता येतं.

दुकानाने पेन्सिलींचा रंग बदलला तो यंदाच्या वसंतात, नेट्टा गेल्यानंतर. म्हणजे लाल पेन्सिल तिने ठेवलेली असणं शक्य नाही, हे कुणालाही कळेल. काढून घ्यावी... पण बरणीशेजारी त्याची लेक मोरवेन उभी होती, कप विसळत.

तेवढ्यात उघड्या खिडकीतून गर्दीचा गलका आला. गोल्फचं मैदान कुंपणापलीकडेच, आवाज आधी घरात शिरायचा आणि टीव्हीवरचं चित्र मागाहून, दमेकऱ्यासारखं धापा टाकत यायचं. पडद्यावर निनियन बेथ्यून अजून बॉलपाशी वाकलेलाच होता.

"गेला वाटतं आत," मोरवेन म्हणाली. "आपल्या निनियनचाच ना?"

"आपल्याचाच. दुसऱ्यासाठी हे गाव कशाला घसा फोडतंय?"

मग पडद्यावरही बॉल आत गेला. आता एकच होल उरलं.

मोरवेन आली होती ती दगडासाठी. थडग्यावरची माती बसायला वर्ष द्यायचं, मगच दगड उभा करायचा, ही इथली रीत. वर्ष भरलं होतं आणि उद्या सकाळी दगडवाला येणार होता. पैसे नेट्टानेच साठवलेले. मैदानावर खेळायला येणाऱ्या पाहुण्यांना वरची खोली देऊन, त्यांच्या चादरी धुऊन, बिस्किटांच्या डब्यात ठेवलेले. "हे माझ्या दगडाचे आहेत, वॉटी," एवढंच म्हणाली होती. डबा आता रिकामा होता. सगळे निनियनवर.

तिच्यासाठीच लावले मी. साधा करडा दगड कशाला, चांगला तांबूस, गुळगुळीत... खोटं. साफ खोटं. स्पर्धा कितीतरी वर्षांनी गावात आली आणि मासेवाल्या बेथ्यूनचा नातू तिच्यात खेळणार म्हटल्यावर हात शिवशिवले, दगड मागाहून आठवला.

दुकानातल्या शीनाने विचारलं होतं, "निम्मे पहिल्या पाचांत येण्यावर लावू का, वॉटी? जिंकला नाही तरी काहीतरी हाती लागेल. दगडाएवढं तरी." नाही, तसं नव्हती म्हणाली, दगडाचं तिला काय ठाऊक... आणि तो ऐटीत म्हणाला होता, "आपला पोरगा आहे. आपल्या माणसावर अर्धी पैज लावत नाहीत." हे बापाचं बोलणं, आणि बापाला आजाने शिकवलेलं. स्पर्धा नव्हती तेव्हाही इथे पैजा होत्या. बडे लोक आपापल्या खेळाडूवर थैल्या लावायचे आणि मागे उभे असलेले कोळी, बॅगा उचलणारे, शिलिंग शिलिंग लावायचे — आपल्या गावच्यावर, जिंकण्यावरच. कमी लावणं म्हणजे माणसाच्या तोंडावर थुंकणं. आजाच्या वेळी गावचा एक जण बरोबरीत आला आणि फेरखेळात हरला; आजाचा होडीतला वाटा गेला, पण मान ताठ राहिली. घरात हे अभिमानाने सांगत. आजीला कसं वाटलं, ते कुणी सांगितलं नाही.

पडद्यावर शेवटचं होल. बॉल हिरवळीवर, झेंड्यापासून चार पावलांवर. आत गेला तर निनियन जिंकला. चुकला तर बरोबरी, पुन्हा फेरखेळ... आणि फेरखेळात या गावचं काय होतं, ते ठाऊकच होतं.

वॉटी उठला आणि त्याने खिडकी लावून घेतली.

"उकडतंय की, बाबा."

"वारा लागतोय."

"बरं, दगडावर काय लिहायचं ते आत्ताच ठरवू. उद्या तो विचारेल." तिने एक जुना लिफाफा उलटा केला आणि बरणीत हात घातला.

लाल पेन्सिल. ती थांबली. पेन्सिल बोटांत फिरवली, तिच्यावरचं दुकानाचं नाव वाचलं, कपाटावरच्या डब्याकडे एकदा बघितलं. आता ओरडेल. ओरड ना, पोरी... तिने लिफाफा त्याच्यापुढे सरकवला आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली, अगदी आईसारखी.

"तू लिही."

त्याने लिहिलं — नेट्टा. पुढे हात चालेना. पडद्यावर निनियन वाकला. आणि काचेपलीकडे काहीतरी झालं. जडसा, घुसमटलेला आवाज — जल्लोष की हळहळ, काचेतून कळेना. बॉलचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, अख्ख्या गावाला कळलं होतं. या स्वयंपाकघरात तेवढा निनियन अजून वाकलेलाच होता.

गुरुवारपासून वॉटी एकच मागत आला होता, आत जाऊ दे. आता तो मागायला गेला आणि मागवेना. गेला आत, तर दगड येईल, तांबूस, गुळगुळीत. आणि दर रविवारी फुलं घेऊन त्याच्यासमोर उभं राहिलं की मनातल्या मनात मी म्हणणार, जिंकलो. तिच्या उशाशी माझी पैज उभी राहणार. न जावो... न जावो, देवा. पण मग तिच्या उशाशी काहीच नाही, नुसतं गवत.

मोरवेनची पाठ पडद्याकडे होती. ती त्याच्याकडेच बघत होती. त्यानेही मान वर केली नाही; पेन्सिलीचं टोक नावापुढे टेकवून तो बसून राहिला, आणि चित्र यायला अजून थोडा, अजून थोडा उशीर व्हावा, एवढंच त्याला वाटत राहिलं.