काकडीवाल्याच्या घरची काकडी

काकडीवाल्याच्या घरात चांगली काकडी कधी आलीच नाही. कोवळ्या, सरळ काकड्या बाजाराला जायच्या, वाकड्या गुरांपुढे पडायच्या, आणि वेलावर पिवळ्या पडून जून झालेल्या तेवढ्या स्वयंपाकघरात यायच्या. काकडीवाल्याच्या वडिलांनी घालून दिलेली रीत. तो तीपासून तसूभर हलत नव्हता.

“अहो, पानात एकदा तरी कोवळी वाढू द्या,” बायको म्हणायची.

“चांगला माल पोटात घातला तर विकू काय? तुझं डोकं?” असं म्हणून तो पानातली काकडी बाजूला सारायचा. “कडूजहर! लोक पैसे मोजून कशी खातात, देव जाणे.”

शाळेच्या खोलीत नर्सबाईंनी मोठ्या माणसांचा वर्ग सुरू केला. फळं खा, भाज्या खा, हाच धडा. बायकोने नवऱ्याला ओढतच नेलं. लहानग्यांच्या बाकावर तो गुडघे छातीशी घेऊन बसला.

“भाजीला कोण तोंड लावत नाही?” नर्सबाईंनी विचारलं.

“हे!” बायको बोलून गेली.

“अगं, चारचौघांत काय...”

पण मागच्या बाकावरच्या शिंप्याने शब्द झेललाच. “काकडीवाला काकडी खात नाही? मग आम्हाला काय चारतोस रे बाबा?”

खोली हसली. सगळे त्याच्याकडे बघू लागले. बायकोने जीभ चावली. आपल्याच जिभेने घात केला! आता याने तोंड वाकडं केलं, तर उद्या बाजारात टोपलीला कोण हात लावणार?

नर्सबाईंनी काकडी सोलली, एक फोड त्याच्यापुढे धरली. औषध घ्यावं तसे त्याने डोळे मिटले. कर्रकन आवाज झाला. एक डोळा उघडला. मग दुसरा. पुढची फोड त्याने न विचारताच उचलली.

“बाई, कुणाच्या मळ्यातली ही?”

“तुमच्याच की! सकाळी तुमच्याकडूनच घेतली.”

घरी जाताना वाटेत तो हळूच म्हणाला, “गोड असते गं आपली काकडी.”

“असेल. मी कुठे खाल्लीय?”

तो चालता चालता थांबला.

सकाळी बांधावर व्यापाऱ्याचा टेम्पो आला. “वहिनी, आज टोपली अर्धीच? माल गेला कुठे?”

नवऱ्याचं तोंड कोवळ्या काकडीने भरलं होतं. बायकोने आपला घास सावकाश गिळला.

“उजाडताच गिऱ्हाईक आलं होतं,” ती म्हणाली. “घरचंच.”