एकाच कामाच्या दोन ओळी

वॉर्डात अठ्ठावीस खाटा होत्या आणि सव्वीस पेशंट. सकाळच्या पाळीला दोन सिस्टर, एक मावशी, एक मामा आणि सगळ्यांच्या वर मोठ्या सिस्टर. कामं मात्र त्रेसष्ट. हा आकडा धाकट्या सिस्टरनं काढला होता. चार दिवस ती खिशात वही घेऊन फिरली आणि कोणी नुसती उशी सरळ केली तरी टिपून ठेवत गेली. तेव्हापासून मावशी तिला मोजपट्टी म्हणायच्या, तेही तोंडावर.

हे काम तिच्या गळ्यात मोठ्या सिस्टरांनीच घातलं होतं. "इंजेक्शनं अर्धा अर्धा तास उशिरा होतायत आणि आपण चादरी ओढत बसतोय," त्या म्हणाल्या होत्या. "मावशी-मामांना काय देता येईल ते तू ठरव. पण काम दिलं म्हणून सुटलीस असं समजू नकोस. चुकलं तर मी तुलाच विचारणार."

तिनं ठरवलं. औषधं, इंजेक्शनं, जखमा आणि पेशंटची तब्येत पाहून काही निर्णय घ्यायची सगळी कामं मिळून चौतीस सिस्टरांकडे राहिली. मावशींकडे अठरा गेली, मामांकडे अकरा. कोणाचा पाय कोणाच्या हद्दीत पडू नये अशी नेटकी वाटणी. नवीन कामं तिनं दोघांना स्वतः शिकवली. लघवी कशी मोजायची हे दाखवताना म्हणाली, "मोजायचा जग सपाट जागी ठेवायचा आणि डोळे पाण्याच्या पातळीला आणायचे. वाकावं लागेल."

"माझे गुडघे आता वाकत नाहीत, सिस्टर," मावशी म्हणाल्या. "मी जगालाच वर आणते." आणि त्यांनी जग खांद्याच्या उंचीच्या फळीवर ठेवला. बरोबर डोळ्यांसमोर.

सोमवारी सकाळी आठला यादी भिंतीवर लागली. बारापर्यंत एकही इंजेक्शन चुकलं नाही की रेंगाळलं नाही. धाकटी सिस्टर मनातल्या मनात खूश होती. मग तिनं नऊ नंबरच्या खाटेचा तक्ता उघडला.

नऊ नंबरला घड्याळवाले आजोबा होते. सगळा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. आदल्या दिवशी पोटाचं ऑपरेशन झालेलं. लघवीला नळी, खाटेला पिशवी. वजन साठ किलो, म्हणजे चार तासांत निदान एकशे वीस मिलिलिटर लघवी तरी जमायला हवी होती. तक्त्यावर मावशींच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: पंचेचाळीस.

ती थेट खाटेपाशी गेली. मूत्रपिंडं तर थकत नाहीत ना? नळी कुठे मुडपलेली नव्हती. ओटीपोट मऊ होतं. नाडी आणि रक्तदाब सकाळसारखेच. तिनं डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "मी दहा मिनिटांत येतो. ज्यादा सलाईन तयार ठेवा. कदाचित त्यांना आयसीयूत हलवावं लागेल."

"मावशी, नीट मोजलंत ना?"

"फळीवर ठेवून मोजलं. पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीस. चव्वेचाळीस लिहिलं असतं तर तुम्ही मला झोपू दिलं असतं का?"

आजोबांनी डोळे उघडले. "काय हरवलंय?"

"काही नाही आजोबा, पिशवीत जरा कमी दिसतंय."

"कमी दिसणारच. अकरा वाजून दहा मिनिटांनी त्या मामांनी रिकामी केली की. मला एक्स-रेला नेण्याआधी."

मामा दाराशी ढकलखुर्ची पुसत होते. धाकटी सिस्टर जवळजवळ धावतच त्यांच्याकडे गेली. "मामा, नऊ नंबरची पिशवी तुम्ही रिकामी केलीत?"

"हो. यादीत माझं नववं काम नाही का? 'पेशंटला हलवण्याआधी पिशवी रिकामी करणे.'"

"आणि मोजली नाहीत?"

मामांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं त्यांना चोरी का केली नाही असं विचारलं होतं. "मोजणं मावशींच्या ओळीत आहे. मी कशाला हात लावू?"

"म्हणजे ओतून दिलीत?"

"ओतीन कशी? मोजायची राहिली होती ना. मागच्या धुण्याच्या खोलीत भांड्यात झाकून ठेवलीय, वर नऊची चिठ्ठी आहे. मावशी चादरी आणायला गेलेल्या, आणि एक्स-रेला ही रांग. सांगायचं तेवढं राहिलं."

भांडं जागेवर होतं. चिठ्ठीवर नऊ हा आकडा दोनदा गिरवलेला. मावशींनी जग फळीवर ठेवला, मामांनी ओतलं, धाकटीनं वाचलं. तीनशे दहा. ती भिंतीला टेकून हसायला लागली. तिला बघून मावशीही हसल्या.

"एवढं तर माझ्या लग्नात कोणी हसलं नव्हतं," मामा म्हणाले.

तोवर डॉक्टर आले होते. त्यांनी बेरीज पाहिली, आजोबांचं पोट तपासलं, ज्यादा सलाईन नको म्हणाले आणि निघून गेले. मोठ्या सिस्टर यादीसमोर उभ्या होत्या. "चूक कोणाची?"

"माझी," धाकटी म्हणाली. "मी एका कामाच्या दोन ओळी केल्या."

"मग बस लिहायला. यादी फाडू नकोस, इंजेक्शनं वेळेवर झालीयत."

तिनं मामांची ओळ खोडली आणि मावशींच्या ओळीत लिहिलं: पिशवी जो रिकामी करेल तोच मोजेल, तोच लिहील, आणि कमी वाटलं तर लगेच सिस्टरला सांगेल. पुढे दोघांची नावं घातली. मग मामांना फळीपाशी नेऊन जग वाचायला शिकवलं. त्यांनी साध्या पाण्यानं तीनदा वाचून दाखवलं, तिन्ही वेळा बरोबर.

दोन वाजता पाळी बदलायच्या आधी मामांनी नऊ नंबरची पिशवी रिकामी केली, जग फळीवर ठेवला आणि तक्त्यावर स्वतःच्या हातानं लिहिलं: बारा ते दोन, एकशे साठ मिलिलिटर.