गॅरेजमधले जनरलसाहेब

यतिन नेमकं काय काम करतो, हे सिडनीतल्या पेंडल हिलच्या मराठी मंडळींत कुणालाच कळलं नव्हतं. तो एका बँकेच्या सँक्शन्स टीममध्ये आहे एवढंच सगळ्यांनी ऐकलं होतं. त्यामुळे गणपतीच्या जेवणात कुणीतरी हमखास त्याला बाजूला घ्यायचं आणि हळूच म्हणायचं, "यतिन, आपलं होम लोन जरा लवकर सँक्शन करून दे ना."

यतिन समजावून सांगायचा. परदेशातले मंत्री, सेनापती, पोलीसप्रमुख आपल्याच लोकांना डांबतात, छळतात. मग ऑस्ट्रेलियाचं सरकार त्यांच्यावर निर्बंध लावतं. त्यांना इथे यायला बंदी, आणि इथली त्यांची मालमत्ता गोठवायची. अशा कुणाचा व्यवहार बँकेतून होत नाही ना, हे तो बघत बसतो. समोरचा मान हलवायचा आणि शेवटी विचारायचा, "बरं, पण इंटरेस्ट रेट काय बसेल?"

त्याची सासू शुभदाताई नाशिकहून व्हिजिटर व्हिसावर आल्या तेव्हा यतिनने त्यांनाही हे सगळं सांगितलं होतं. पण त्या विमानातून नुकत्या उतरल्या होत्या आणि कानात दडे बसलेले होते. त्यांनी फक्त "सँक्शन" हा एक शब्द ऐकला आणि तृप्त झाल्या. त्यांची सगळी नोकरी बांधकाम खात्यात गेली होती. रस्ता, मोरी, पाण्याची टाकी, जिल्ह्यातलं काहीही सँक्शन व्हायचं तर फाइल त्यांच्या टेबलावरून पुढे जायची. जावई आपल्याच लाइनीत आहे, या आनंदात त्या झोपल्या.

शेजारच्या घरात तिमो राहायचा. चाळिशीचा, एकटा, तलूरा नावाच्या देशातून आलेला आणि अतिशय अदबीचा. स्टेशनजवळच्या दुकानातून शुभदाताई मेथी आणि दहा किलो तांदूळ घेऊन निघाल्या की हा कुठूनतरी उगवायचा आणि पिशवी उचलायचा. "आंटी, प्लीज." शुभदाताई त्याला पोह्यांची वाटी पाठवायच्या.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी तो काळवंडलेल्या चेहऱ्याने कुंपणापाशी आला. घरात शुभदाताई एकट्याच होत्या. यतिन ऑफिसला, मुलगी मयूरा वेस्टमीडच्या हॉस्पिटलमध्ये शिफ्टला आणि नात ओवी शाळेत.

"आंटी, माझ्या मामांना सरकारने सँक्शन केलंय," तिमो म्हणाला.

"अरे वा! काँग्रॅच्युलेशन्स!" शुभदाताई म्हणाल्या. "अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह सँक्शन की टेक्निकल सँक्शन?"

तिमो जरा गोंधळला. "मला वाटतं, सगळ्याच प्रकारचं."

"एकदम? मग साहेब फार वजनदार असणार."

"त्यांचा एक पुतळा माझ्याकडे आहे. सरकारी माणसं येतील. तोपर्यंत तुमच्या गॅरेजमध्ये ठेवला तर चालेल का?"

आता शुभदाताईंना सगळा उलगडा झाला. मामांचा पुतळा सँक्शन झालाय. चौथरा अजून बांधून व्हायचाय. पाहुणे ठरायचेत, तारीख ठरायचीय. तोवर पुतळा कुठेतरी कापडात गुंडाळून ठेवावा लागतो, हे त्यांनी नोकरीत कितीदा पाहिलं होतं. एक पुतळा तर त्यांच्याच ऑफिसच्या जिन्याखाली इतका काळ पडून होता की शिपाई त्याला टोपी अडकवायचा.

"आण की," त्या म्हणाल्या. "त्यात विचारायचं काय?"

पुतळा चाकांच्या पाटावरून आला. माणसापेक्षा थोडा उंच, आतून ब्राँझ आणि वरून सोन्याचा वर्ख. छातीभर पदकं, पदकांत खरे लाल खडे आणि उजवा हात जनतेला अभिवादन करायला लांबवलेला. तो सिडनीत घडवला होता, कारण तलूरात शिल्पकार उरले नव्हते. जे होते ते पळाले होते, नाहीतर आत होते.

तिमो गेल्यावर शुभदाताईंनी कापड बाजूला करून मामांना नीट पाहिलं. मग त्यांची नजर त्या लांबवलेल्या हातावर गेली. मागच्या अंगणातलं कपडे वाळत घालायचं स्टँड वाऱ्याने मोडल्यापासून त्यांची फार गैरसोय होत होती.

दुपारी यतिन डोकं दुखतंय म्हणून लवकर घरी निघाला. डोकं दुखायला कारणही तसंच होतं. तलूराच्या जनरल ओबराक यांच्यावर त्याच आठवड्यात निर्बंध जाहीर झाले होते. विद्यार्थ्यांचा एक मोर्चा, त्यावर धरपकड आणि मग घरी न परतलेली मुलं. यतिनने चार दिवस जनरलांचे फोटो, त्यांची नावं आणि त्या नावांची नाना स्पेलिंग्ज बघितली होती. डोळे मिटले तरी तोच चेहरा दिसत होता.

त्यामुळे स्टेशनवरून चालत घराच्या कोपऱ्यावर आल्यावर, स्वतःच्याच ड्राइव्हवेमध्ये जनरल ओबराक सोन्यात उभे दिसले तेव्हा त्याला वाटलं, आपल्याला ताप चढलाय.

जनरलांच्या हाताला दोरी बांधली होती. दोरीचं दुसरं टोक लिंबाच्या झाडाला होतं. मधे एक नारायणपेठी साडी, तीन टॉवेल आणि ओवीचे पोहण्याचे टॉग्ज वाळत होते. दोरी पुरली नव्हती म्हणून एक परकर खुद्द जनरलांच्या गळ्यात होता.

"आलात? चहा टाकते," शुभदाताई म्हणाल्या.

"आई," यतिन भिंतीला टेकला. "हे कोण आहेत माहिती आहे का?"

"तिमोचे मामा. मोठे गृहस्थ दिसतात. पट्टा घट्ट झालाय जरा."

"आई, यांना सँक्शन केलंय!"

"म्हणून तर ठेवून घेतला. बेकायदा पुतळा मी दारात उभा केला असता का?"

यतिन पायरीवर बसला आणि त्याने सगळं पहिल्यापासून सांगितलं. या वेळी कानात दडे नव्हते. इथे सँक्शन म्हणजे मंजुरी नव्हे, बरोबर उलट. हा माणूस काय काय करून बसलाय. त्याच्या मालमत्तेला हात लावणं, ती लपवणं, ती वापरणं, सगळा गुन्हा आहे. आणि ती सापडलीय कुणाकडे, तर सँक्शन्स टीममधल्या माणसाकडे.

शुभदाताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ? आणि यांचं सरकार चालतं?" नंतर त्या उठल्या. "थांबा, आधी परकर काढते."

"हात लावू नका!"

"अहो, माझा परकर आहे!"

"परकर तुमचा आहे, पण मान त्यांची आहे!"

यतिनने कॅनबेराची सरकारी हेल्पलाइन लावली. फोनवरची बाई शांत होती. "सर, ती मालमत्ता आत्ता एका जागी स्थिर आहे का?"

"चाकं आहेत, पण स्थिर आहे."

"हलवू नका. ती कुणी वापरतंय का?"

यतिनने दोरीकडे पाहिलं. "त्यावर कपडे वाळत आहेत."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. "पोलिसांना कळवते," ती बाई शेवटी म्हणाली. "कपड्यांचं मला वरती विचारावं लागेल." आणि होल्डचं संगीत सुरू झालं.

साडेतीनला ओवी शाळेतून आली. "डॅड, आय नीड माय टॉग्ज. आय हॅव स्विमिंग."

"टॉग्जना हात लावायचा नाही. ते आता पुरावा आहेत."

"देअर माय ओन्ली टॉग्ज!"

"बेटा, मी होल्डवर आहे!"

तेवढ्यात मयूराची गाडी आली. तिच्याबरोबर तिच्या वॉर्डातली मैत्रीण होती, सेला. शुक्रवारी सेला पेंडल हिलला सामान घ्यायला यायची आणि चहाला थांबायची. सेला तलूराची होती, हे यतिनला माहीत होतं. पण या गडबडीत ते लक्षातून पार निसटलं होतं.

सेला गाडीतून उतरली आणि जागच्या जागी थिजली. मयूरा एकदा पुतळ्याकडे आणि एकदा आईकडे बघत राहिली.

सेलाने तो चेहरा लहानपणापासून पाहिला होता. शाळेच्या भिंतीवर, नोटांवर आणि तिच्या भावाला उचलून नेलं त्या पोलीस ठाण्याच्या दारावर. ती हळूहळू पुढे आली. तिने जनरलांची पदकं पाहिली, लांबवलेला हात पाहिला, दोरीवरचे मुलीचे गुलाबी टॉग्ज पाहिले आणि शेवटी गळ्यातला परकर पाहिला. तिच्या नाकातून एक चमत्कारिक आवाज निघाला. मग ती हसायला लागली. इतकी हसली की तिला गाडीचा आधार घ्यावा लागला, आणि ते हसू कधी रडण्यात बदललं ते कुणाला कळलंच नाही.

शुभदाताईंना तिची भाषा येत नव्हती आणि त्यांचं इंग्रजी अशा प्रसंगाचं नव्हतं. त्यांनी तिला जवळ घेतलं, आत नेलं आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं. तिथे सेलाने थोडंथोडं सांगितलं. भाऊ आत दीड वर्ष होता. परत आला तो चष्म्याशिवाय. घरच्यांनी नवा करून दिला, पण तो लावत नाही. म्हणतो, मला आता नीट दिसायला नको.

शुभदाताईंनी गॅस बंद केला आणि त्या बाहेर गेल्या. प्लास्टिकची खुर्ची ओढून त्या पुतळ्यासमोर बसल्या.

थोड्याच वेळात तिमो भाड्याचा यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, घेऊन आला. यतिन कुठे नोकरीला आहे हे त्याला आत्ताच कुणाकडून तरी कळलं होतं. "आंटी, थँक यू. मी मामांना घेऊन जातो."

खिडकीआड यतिनच्या कानाला होल्डचं संगीत तसंच चालू होतं. तो आतूनच पुटपुटला, "आई, थोपवा त्याला!"

शुभदाताईंच्या अंगात ऑफिस संचारलं.

"अर्ज आणलाय?" त्यांनी विचारलं.

"अर्ज?"

"पुतळा परत मिळण्याबाबत. तीन प्रतींत."

"पण सकाळी तर मीच इथे ठेवला!"

"कुणाच्या सहीने?"

"सही नव्हती, आंटी."

"सही नाही म्हणजे पुतळा आलाच नाही. जो आलाच नाही तो परत कसा देणार?"

तिमोने पुतळ्याकडे बोट दाखवलं. "हा काय समोर आहे!"

"तो वेगळा विषय आहे. त्यासाठी वेगळा अर्ज."

"मग मी कुणाशी बोलू?"

"साहेबांशी. साहेब मीटिंगला गेलेत. सोमवारी या. सोमवारी आधी फोन करून या."

तिमोची अदब आता उतरली. "आंटी, माझे मामा वाट बघणाऱ्यांतले नाहीत."

"मग त्यांना शिकू दे," शुभदाताई म्हणाल्या. खुर्चीवरून त्या तसूभरही हलल्या नाहीत.

तेव्हा सेला बाहेर आली. ती तिमोशी तलूराच्या भाषेत दोनच वाक्यं बोलली. तिचा आवाज चढला नव्हता. तिमोने तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं आणि यूटमध्ये जाऊन दार लावून बसला. त्याने गाडी मात्र सुरू केली नाही.

"काय म्हणालीस त्याला?" मयूराने विचारलं.

"माझ्या भावाचा चष्मा कुठे ठेवलाय, ते मामांना विचार म्हटलं."

संध्याकाळी फेडरल पोलीस आले, एक तरुण मुलगी आणि एक पिकल्या मिशांचा माणूस. त्या माणसाने निवृत्तीपर्यंत पुरेल इतका वेळ तो देखावा पाहिला. "ही साडी कुणाची?"

"माझी. ओल्या हाताने धरू नका, रंग जातो."

कॅनबेराहून शेवटी उत्तर आलं होतं. कपडे ही कुटुंबाची स्वतंत्र मालमत्ता असून ते सोडवायला हरकत नाही. त्या मुलीने हातमोजे घालून एकेक चिमटा काढला, आणि ओवीला टॉग्ज सोपवताना गंभीरपणे सॉरी म्हणाली. परकर काढायची वेळ आली तेव्हा सेला म्हणाली, "एक मिनिट. फोटो काढला तर चालेल का?"

सगळ्यांनी यतिनकडे पाहिलं. यतिनने मनातल्या मनात नियम तपासले. "फोटो काढणं म्हणजे मालमत्तेचा व्यवहार नाही," तो म्हणाला आणि जरासा बाजूला झाला, म्हणजे फोटोत येणार नाही.

तिमोने यूटमध्ये बसूनच जबाब दिला. तो इतक्या भराभर बोलत होता की मिशीवाल्याला त्याला दोनदा थांबवावं लागलं. बंदरापाशी मामांचा एक फ्लॅट होता, एक बोटही होती. दोन्हीला नावं दुसऱ्याच माणसांची होती. शुभदाताईंना पोलिसांनी ताकीद दिली आणि आभारही मानले. यतिनने सोमवारी बँकेत सगळं स्वतःहून सांगितलं. मॅनेजरने ते दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा त्याने पूर्ण टीमला बोलावून घेतलं होतं.

जनरल ओबराक यांचं पद काही गेलं नाही. फ्लॅट आणि बोट गोठवली गेली, पुतळा एका सरकारी गोदामात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, पण तलूरात तेच राज्य करत होते. आठवडाभर सेला खट्टू होती. ती मयूराला म्हणायची, "त्याला काय फरक पडतो? त्याच्याकडे असे शंभर पुतळे आहेत."

तो फोटो मात्र तिने भावाला पाठवला होता. भावाने चष्मा लावून तो पाहिला. मग त्याने तो मित्रांना पाठवला आणि मित्रांनी आणखी कुणाकुणाला. काही दिवसांनी राजधानीच्या चौकातल्या जनरलांच्या हाताला कुणीतरी दोरी बांधली. त्यावर एक बनियन आणि दोन मोजे होते. शिपायांनी ते काढले. दुसऱ्या दिवशी बंदरावरच्या पुतळ्याला चादरी होत्या, विद्यापीठासमोरच्याला बाळांचे लंगोट, आणि त्यांतल्या अर्ध्या लंगोटांची बाळं तर कुणी कधी पाहिलीही नव्हती. ओले कपडे बाळगायला बंदी करणारा हुकूम निघाला. मग म्हाताऱ्या बायका ओले कपडे घेऊन ठाण्यासमोर रांगेत उभ्या राहिल्या. हे आता वाळवायचे कुठे, ते सांगा म्हणाल्या.

सेलाने तो व्हिडिओ चहाच्या वेळी सगळ्यांना दाखवला. यतिन टाळ्या वाजवत होता. मयूरा डोळे पुसत होती. शुभदाताईंनी चष्मा नाकावर सरकवला आणि फोन जवळ घेऊन चौकातली ती लांबलचक दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट बघितली.

"पोरं धीराची आहेत," त्या म्हणाल्या. "पण पिळायला शिकव त्यांना. अजून पाणी गळतंय बघ."